दोराच्या टोकाला काय बांधलंय ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी थार घेतली आहे, श्रावणात मित्रांच्या चार गाड्यांबरोबर मुळशी-वेल्ह्याकडच्या कच्च्या वाटांवर जायचा बेत आहे. दुकानातून दोन्ही टोकांना लोखंडी हुक असलेली पिवळी 'पाच टनी' दोरी आणली आहे. ती पुरेल का? विंचला, म्हणजे गाडीवर बसवलेल्या दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राला, वायर रोप बरा की डायनिमा हा कृत्रिम तंतूंचा दोर? आणि ओढताना दोरावर घोंगडी टाकतात, त्याने खरंच काही होतं का?

दोरीचं आधी सांगतो. पुरणार नाही, आणि प्रश्न नुसता पुरण्याचाही नाही. ती दोरी टोचन करण्यासाठी आहे. बंद पडलेली गाडी सपाट डांबरी रस्त्यावरून गॅरेजपर्यंत न्यायची तर जोर फारसा लागतच नाही. दोन माणसं मागून ढकलतात तरी दोन टनांची गाडी चालायला लागते. तीच गाडी भाताच्या खाचरात रुतली की हिशोब पालटतो. सैन्यातल्या रिकव्हरीवाल्यांचा, म्हणजे रुतलेल्या गाड्या बाहेर काढणाऱ्यांचा, एक जुना ठोकताळा आहे: नुसती चाकं रुतली असतील तर गाडीच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डापर्यंत बुडाली तर दुप्पट, त्याच्याही वर गेली तर तिप्पट. चढ असेल तर तो वेगळा. म्हणजे तुमची भरलेली थार मडगार्डापर्यंत बसली तर चार टनांच्या वर ओढ लागणार, तीही चिखलाने चाकं चोखून धरलेली असताना.

आता त्या 'पाच टनां'कडे बघू. दोरीवर ५ टन छापलंय, पण कशाचे पाच टन? क्रेनवाल्याला विचारा, तो लगेच उलट प्रश्न करील. एक असते तुटायची ताकद, म्हणजे तेवढा भार आला की वस्तू तुटते. दुसरी असते वापरायची ताकद, म्हणजे रोज तेवढा भार दिला तरी चालतं. या दोन आकड्यांत चार, पाच, सहा पटींचा फरक असतो. शॅकलवर, म्हणजे आडवी पिन घालून बंद करायच्या लोखंडी कडीवर, जो आकडा उठवलेला असतो तो वापरायचा. १९ मिलिमीटरच्या चांगल्या बो शॅकलवर पावणेपाच टन लिहिलेलं असतं आणि ती तुटायला त्याच्या कित्येक पट भार लागतो. रिकव्हरीच्या पट्ट्यावर जो आकडा असतो तो तुटायचा. तुमच्या पिवळ्या दोरीवर यातलं काहीच लिहिलेलं नाही, नुसतंच '५ टन' आहे. त्यातही समजा तंतू तेवढे दमदार निघाले, तरी टोकाची शिवण आणि तो ओतीव हुक तेवढा दमदार असेलच असं कोण सांगणार? मी असे हुक सरळ झालेले पाहिलेत, माशाचा गळ सरळ व्हावा तसे.

हा हुकच मला सगळ्यात जास्त खुपतो. दोर तुटतो याची लोकांना भीती वाटते. पण कापडी दोर एकटाच तुटला तर तो चाबकासारखा येतो, वळ उठवतो, हाड मोडू शकतो. माणूस मरतो तो बहुधा दोराला बांधलेल्या लोखंडामुळे. हुक, शॅकल, टो-बॉल, बंपरचा उखडलेला ब्रॅकेट. दोर गलोलीच्या रबराचं काम करतो, दगड मात्र तुम्ही स्वतः बांधून दिलेला असतो.

साधं गणित करून बघा. दोन टनांची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने, म्हणजे माणूस पळेल तेवढ्याच वेगाने, निघाली की तिच्यात साधारण ७,७०० ज्यूल ऊर्जा असते. ८० किलोचा माणूस तिसऱ्या मजल्यावरून, दहा मीटरवरून खाली आला तर एवढाच दणका बसेल. ताणला जाणारा पट्टा ही ऊर्जा आपल्या अंगात साठवतो आणि रुतलेल्या गाडीला देतो. ती गाडी हलली तर उत्तम. ती हलायच्या आधी काही सुटलं तर मग ती ऊर्जा सुटलेल्या वस्तूला मिळते. तिचा तिसरा हिस्सा, अडीच हजार ज्यूल धरा, किलोभर वजनाच्या शॅकलला मिळाला तर शॅकल ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात पोचते. वेगवान गोलंदाजाचा ताशी १४० किलोमीटरचा चेंडू अंगावर येतो तेव्हा त्यात सव्वाशे ज्यूलसुद्धा नसतात. त्याच्या वीसपट, आणि कातड्याऐवजी लोखंड. शिवाय वेग १० वरून २० केला की ऊर्जा चौपट होते. 'जरा जोरात दे रे' असं कुणी म्हणालं की मला हीच चौपट आठवते.

माझ्या गॅरेजच्या दारामागे खिळ्याला एक ब्रॅकेट टांगलेला आहे. हाताच्या पंजाएवढा, काळा रंग उडालेला. त्याला दहा मिलिमीटरच्या बोल्टची दोन भोकं आहेत. एक गोल आहे, दुसरं शर्टाच्या काजासारखं लांबट झालंय आणि त्याची कड कागद फाटावा तशी फाटली आहे. वेल्ह्याच्या बाजूला, ऑगस्टच्या पावसात, आमच्यातल्या एकाची जीप खाचराच्या बांधावरून घसरून मागच्या बाजूने बसली होती. माझी एमएम ५४० जीप पुढे लावली. त्याच्या गाडीच्या पुढच्या बंपरला कुणा बॉडीवाल्याने हा ब्रॅकेट लावून दिला होता, दिसायला दणकट, म्हणून मीच त्यात शॅकल अडकवली. पहिल्या हिसक्याला गाडी वीतभर हलली. दुसऱ्याला ठण्ण आवाज आला. आरशात बघितलं तर पट्टा माझ्या डिकीच्या दारावर आपटून लोळत होता आणि शॅकल नव्हती. शॅकलीसकट ब्रॅकेट माझ्या जीपच्या टपावरून गेला होता आणि पुढे तिसऱ्या खाचरात पडला होता. रोपांमध्ये चाचपडत तो शोधला तेव्हा हाताला लागला. ताडपत्रीचं टप चिरलेलं होतं, त्या चिरेतून पाऊस आत येत होता. वाटेत, दोराच्या रेषेपासून दोन पावलांवर, गावातला एक पोरगा छत्री धरून बघत उभा होता. त्याला काही झालं नाही. हे माझं कौशल्य नव्हे. त्या दिवसापर्यंत मी दहा वर्षं गाड्या काढत होतो आणि स्वतःला जाणकार समजत होतो.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी दोर नंतर दाखवतो. आधी त्याला त्याच्याच गाडीखाली झोपवतो. दोर कुठे अडकणार? चेसिसला कारखान्यातूनच बसवलेला रिकव्हरी हुक कोणता, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. पुष्कळ गाड्यांना खाली दिसणारी कडी ही ट्रेलरवर किंवा जहाजात गाडी बांधून ठेवण्यासाठी असते. तिला स्थिर ताण चालतो, हिसका नाही. बंपरचं झाकण काढून जी आट्यांची कडी फिरवून बसवतात ती टोचनासाठी, तीही सरळ रेषेत. बाजूने ओढलं की वाकते, आणि हिसका दिला तर आटे सोडून येते.

आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे मागचा टो-बार. ट्रेलर कुणीच ओढत नाही, पण मागून दुचाकीवाल्याने ठोकलं तर बंपर वाचावा म्हणून लोक हा बसवून घेतात, वर चकचकीत गोळा. तो किती बोल्टवर आणि कशाला धरून बसवलाय हे मालकालाही ठाऊक नसतं. रुतल्यावर मात्र सगळ्यांना तो गोळा दिसतो, कारण दोराचा फास त्यावर इतका सहज बसतो. गोळ्याला दोर लावायचा नाही. कधीच नाही. गोळ्याचा दांडा बारीक असतो, ट्रेलर ओढायच्या हिशोबाने केलेला. तो मोडला की लोखंडी तोफगोळाच होतो. ऑस्ट्रेलियात अशा गोळ्यांनी माणसं मेली आहेत. तिथल्या सरकारने २०१० साली या पट्ट्यांसाठी सक्तीचं मानक आणलं, पट्ट्यावर इशारे छापणं बंधनकारक केलं. आपल्याकडे अशा पट्ट्यावर दुकानदाराच्या तोंडच्या शब्दापलीकडे बहुधा काही मिळत नाही.

तुमच्या मित्रांपैकी कुणाच्या गाडीला मागे नुसता हिचचा चौकोनी पाइप असेल, चेसिसला नीट बसवलेला, तर त्यात गोळ्याऐवजी शॅकल बसणारा ठोकळा टाकता येतो. पट्ट्याचा फास पाइपात घालून नुसती पिन आरपार टाकतात, तसं करू नका. पिन मधोमध वाकते आणि मग ती काढायला गॅस कटर लागतो.

आता दोरांकडे येऊ. बाजारात 'बेल्ट' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि दुकानदार तिन्ही एकच म्हणून देतो.

ताणला जाणारा पट्टा, ज्याला स्नॅच स्ट्रॅप म्हणतात, तो नायलॉनचा. साधारण ९ मीटर लांब, ओढल्यावर वीस टक्क्यांपर्यंत लांबतो. त्याचाच गोल विणलेला भाऊ म्हणजे कायनेटिक रोप, तो तीस टक्क्यांपर्यंत जातो आणि जास्त मऊपणे ओढतो. चालत्या गाडीने हिसका द्यायचा तर फक्त हे दोन. दुसरा पॉलिएस्टरचा, जवळजवळ न ताणणारा. झाडाला गुंडाळायला, विंचची लांबी वाढवायला, हळूहळू ओढायला. क्रेनवाल्यांच्या रंगीत स्लिंगा याच जातीच्या: जांभळी १ टन, हिरवी २, पिवळी ३, करडी ४, लाल ५. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात नाना पेठेत स्वस्तात चांगली स्लिंग मिळते आणि मीही वापरतो, पण हिसक्यासाठी नाही. न ताणणाऱ्या पट्ट्याने हिसका देणं म्हणजे साखळीने हिसका देणं. सगळा दणका क्षणात हुकावर येतो. तिसरा म्हणजे ट्रकवाल्यांचा माल बांधायचा रॅचेटचा पट्टा. तो इथे आणूच नका.

ताणाचा पट्टा किती टनांचा घ्यायचा? इथे बहुतेक जण फसतात. मोठा आकडा म्हणजे जास्त सुरक्षित, असं वाटतं. ऑस्ट्रेलियन मानकातली शिफारस अशी आहे की दोन गाड्यांपैकी जी हलकी असेल तिच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट तुटायची ताकद असावी. मारुतीची जिम्नी भरून दीड टनाच्या आसपास जाते, तर तिला साडेचार टनांचा पट्टा बास. तिला ११ टनांचा लावला तर तो ताणलाच जाणार नाही, आणि मग तुम्ही पैसे देऊन एक जाड, महागडी साखळी घेतलीत. तुमच्या थारला सहा-साडेसहा टनांच्या आसपासचा बघा. गटात जिम्नी आणि थार दोन्ही असतील तर जिम्नीचा हिशोब धरा.

नायलॉन पाणी पितं. ओला पट्टा दहा-पंधरा टक्के ताकद गमावतो, आणि आपण तर पावसाळ्यातच जातो. गाठ मारली की जवळजवळ निम्मी ताकद गेली. दोन पट्टे जोडायची वेळ आली तर फासातून फास ओवा आणि मध्ये गुंडाळलेलं वर्तमानपत्र किंवा मासिक घाला, म्हणजे फास एकमेकांत आवळून बसत नाहीत. मध्ये शॅकल टाकायची नाही. एक टोक सुटलं की मधली शॅकल पट्ट्यासकट दुसऱ्या गाडीच्या काचेवर जाते.

शॅकलच टाळता आली तर आणखी बरं. आता दोराच्याच सॉफ्ट शॅकली मिळतात. मूठभर वजन, सुटली तरी जीव घेणारी नाही. पुढच्या गाडीच्या हुकाची कड धारदार असेल तर ती कापली जाते, तेवढं बोट फिरवून बघा. लोखंडीच वापरायची तर उठावदार आकडा असलेली घ्या. भंगार बाजारातली बिनआकड्याची शॅकल पायलीला पन्नास मिळते, तिच्यावर मी माझी छत्रीसुद्धा टांगणार नाही. पिन पूर्ण आवळून मग पाव आटा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर ती जाम होते.

वायर रोप की डायनिमा हा तुमचा दुसरा प्रश्न खरं तर विंचचा आहे, म्हणून थोडक्यात. वायर चिखल, दगड, ऊन सगळं सोसते. पण तिचं स्वतःचं वजन असतं आणि तुटली की ते सगळं वजन फिरतं. जुन्या वायरीच्या तुटक्या तारा मासळीच्या काट्यासारख्या हातमोज्यातून आत जातात. डायनिमा तेवढ्याच जाडीत वायरीहून दणकट, पाण्यावर तरंगतो, तुटला तर बहुतेक वेळा जागीच पडतो. मात्र तो दीडशे अंशांच्या आतच वितळतो, दगडाच्या कडेवर घासला की संपला, आणि वायरीने चरे पाडलेल्या जुन्या रोलरवर चढवला तर आठवड्यात केसाळ होतो. मी स्वतः डायनिमा वापरतो आणि दगडावर जाईल तिथे जुन्या फायर होजचा तुकडा चढवतो. साडेनऊ हजार पौंडी विंच म्हणजे सुमारे ४,३०० किलो, तेही ड्रमवर एकच थर उरला असेल तेव्हा. थर वाढले की ताकद घटते. कप्पी लावून दोर दुमडला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते, पण कप्पी ज्या झाडाला बांधली त्या पट्ट्यावरही तो दुप्पट भार येतो. दुमडलेल्या दोराच्या त्या कोनाच्या पोटात कुणी उभं राहायचं नाही. कप्पी सुटली तर ती नेमकी तिथूनच जाते.

थारला पुढे दोन हुक असतील तर दोन्हींना पट्टा लावून 'व्ही' करायचा मोह होतो. करा, पण व्ही लांबट ठेवा. दोन बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक हुकावर ५८ टक्के भार येतो. तोच कोन १२० झाला की प्रत्येक हुकावर पूर्ण भार. म्हणजे आखूड पट्टा लावून आपण काहीच वाटून घेतलं नाही, उलट हुक आतल्या बाजूला ओढले.

घोंगडीबद्दल. उपयोग होतो, पण लोक समजतात तेवढा नाही. दोराच्या मधोमध ओलं गोणपाट किंवा चिखलाने भरलेली पिशवी टाकली तर तुटलेला दोर जमिनीकडे ओढला जातो. वायरीला ती हवीच. टोकाची शॅकल उडाली तर मधल्या घोंगडीला तिला अडवणं जमत नाही, म्हणून लांब दोराला दोन टाका, दोन्ही टोकांच्या जवळ. आणि घोंगडी टाकली म्हणून माणसं दोराजवळ येणार असतील तर नसलेली बरी.

माणसं दूर ठेवणं हे सगळ्यात अवघड काम. पट्टा ९ मीटरचा असेल तर त्याच्या दीडपट, म्हणजे चौदा-पंधरा मीटर दूर, आणि दोराच्या रेषेत तर कुणीच नाही, ना पुढे ना मागे. दोन्ही गाड्यांत फक्त चालक, मागे बसलेले सगळे खाली. आपल्याकडे गाडी रुतली की पाच मिनिटांत वीस माणसं जमतात, त्यातली चार सल्ला देतात आणि दोन मोबाइल काढून नेमकी दोराच्या रेषेत बसतात, कारण तिथून व्हिडिओ चांगला येतो. मी एक युक्ती करतो. सगळ्यात मोठ्याने सल्ला देणाऱ्याला गाठतो आणि म्हणतो, दादा, तुमचं इथे सगळे ऐकतात, जरा या पोरांना त्या आंब्यापलीकडे ठेवा. तो मग पुढची वीस मिनिटं हातात काठी घेऊन पहारा देतो आणि सल्ला देत नाही.

इशारा देणारा एकच. बाकी कुणाचं ऐकायचं नाही, अपवाद 'थांब'. थांब कुणीही ओरडलं तरी थांबायचं.

प्रत्यक्ष ओढायची वेळ आली की बहुतेक वेळा माझा पट्टा पिशवीतच राहतो. आधी फावडं. चाकांपुढची माती काढा, पोटाखाली टेकलेला भाग मोकळा करा, चाकांची हवा १८ पीएसआयपर्यंत आणा. नुसत्या एवढ्यावर निम्म्या गाड्या स्वतःच निघतात. काळ्या रानातली माती चाकाला लाडूसारखी चिकटते, टायरचे खाचे भरून चाक गुळगुळीत होतं. तिथे हवा कमी करून फारसं साधत नाही, चाकं खरवडावी लागतात. कोकणातल्या तांबड्या चिखलाखाली पुष्कळदा जांभा असतो, तिथे थोडं उकरलं की चाकाला धर मिळतो. आणि शक्यतो गाडी आली त्याच वाटेने मागे ओढा. तिने ती वाट आधीच दाबून ठेवलेली असते.

उकरल्यावरही निघाली नाही तर गावातला ट्रॅक्टर बोलवा. जड, सावकाश, एकसारखी ओढ, त्याच्यासारखं काही नाही. पण इथे एक जीवघेणी चूक होते. दोर ट्रॅक्टरच्या मागे खाली जो ड्रॉबार असतो त्यालाच बांधायचा. वरच्या टॉप लिंकला किंवा अ‍ॅक्सलच्या वर कुठेही बांधला तर मागची चाकं अडली की ट्रॅक्टर स्वतःच्याच अ‍ॅक्सलभोवती फिरायला बघतो, पुढची चाकं उचलली जातात आणि क्लचवर पाय जायच्या आत तो चालकावर उलटतो. चालक तुमच्या वडिलांच्या वयाचा असेल आणि 'मला शिकवू नको' म्हणेल. तरीही वाकून बघा. डिझेल आणि खोटीचे पैसे आधी ठरवा, आणि खाचरातली रोपं तुडवली असतील तर त्याचेही द्या.

हिसका हा शेवटचा उपाय. पट्ट्याला दोन-तीन मीटर ढील ठेवा, पट्टा कुठेही पिळलेला नको. रुतलेल्या गाडीची चाकं सरळ, फोर लो (चारही चाकांना सावकाश पण जास्त जोर देणारी जोडणी), दुसरा गिअर, हलका अ‍ॅक्सिलरेटर, चाकं गरगर फिरवायची नाहीत. पुढच्याने सावकाश निघायचं, ताशी १० च्या आत. दोन-तीनदा झालं आणि गाडी हलली नाही तर जोर वाढवायचा नाही. खाली उतरायचं आणि पुन्हा फावडं घ्यायचं. नायलॉन प्रत्येक ताणाला तापतो, त्यालाही पूर्वीच्या लांबीवर यायला वेळ लागतो.

हाच ९ मीटरचा पट्टा लावून बंद गाडी पुण्यापर्यंत टोचन करून आणणारेही पाहिलेत. टोचनाच्या नियमात दोन गाड्यांतलं अंतर ५ मीटरच्या आत हवं. ९ मीटरच्या लांब पट्ट्यामधून दुचाकीवाला आरपार घुसायला बघतो, त्याला पट्टा दिसतच नाही.

किनाऱ्याचं तुम्ही विचारलं नाही, पण थार घेतलेला प्रत्येक जण एकदा तरी कोकणात वाळूत उतरतो, म्हणून सांगून ठेवतो. उतरू नका. पुष्कळ ठिकाणी मनाई आहे, गुन्हेही दाखल होतात. शिवाय ओहोटीच्या कडक वाळूवर फिरणारी गाडी तासाभरात भरतीच्या पाण्यात असते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर दोर शोधायलाही वेळ मिळत नाही. कुणाची काढायला गेलातच तर नंतर पट्टा गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा. मिठाचे आणि वाळूचे कण तंतूंच्या आत बसून आतूनच कातरतात, वरून पट्टा नवा दिसतो. चिखलातून आल्यावरही धुऊन सावलीत वाळवा, उन्हात नाही. वाळल्यावर पूर्ण लांबी बोटांतून सरकवा, डोळे मिटून. कातरलेली कड, सुटलेली शिवण, वितळून काचेसारखी टणक झालेली जागा बोटांना लगेच कळते, डोळ्यांना नाही. असं काही लागलं तर पट्टा कोयत्याने दोन तुकडे करूनच टाका. अखंड टाकला तर कुणीतरी उचलून वापरणार.

तुमच्या पिवळ्या दोरीचं म्हणाल तर फेकायची गरज नाही. दोन्ही हुक कापून काढा, ते भंगारात द्या. उरलेली दोरी कॅरिअरवर ताडपत्री बांधायला चांगली आहे, माझ्याकडे तशा तीन आहेत.